जोड

फुरसुंगीच्या जत्रेत बाबूतात्या जोड लावायचे.
दोन पोरांचे दंड चाचपायचे,
मान बघायचे, कान मोडलाय का बघायचे,
आणि म्हणायचे, 'हं. धरा.'
जोड चुकली तर लोक टोप्या नाही,
ढेकळं उडवायचे, तीही तात्यांवरच.

मला जोड लागायला चाळीस सेकंद लागतात.
धनकवडी, तिसरा मजला, माइक बंद;
बाईचा आवाज आला की खेळ राहतो बाजूला.
कुठेतरी एक यंत्र माझा दंड चाचपतं.

त्याच्याकडे माझे दोन आकडे आहेत.
एक मला दाखवतं: सोनेरी ढाल, तीन चांदण्या.
दुसरा स्वतःपाशी ठेवतं,
आणि त्या आकड्याला चिकटून, त्याबद्दलची शंका.
नवीन होते तेव्हा शंका मोठी होती.
एक डाव जिंकले की साठ वर, हरले की साठ खाली,
नव्या सुनेबद्दल घराचं असतं तसं
रोज नवं मत.
अकराशे डाव झाले. आता ते मला ओळखून आहे.
जिंकले तरी नऊ, हरले तरी नऊ.
निम्मे जिंकायचे, निम्मे हरायचे,
तसं झालं की त्याला वाटतं, काम चोख झालं.

गुरुवारी महावितरणवाले वीज घालवतात
आणि तिकडे लिहिलं जातं: पळून गेली.

रात्री अडीचला माझ्या तोलाचे जागे तरी किती?
म्हणून समोर तोच यायचा.
'खारेदाणे४११०३०.'
पिनकोड सदाशिव पेठेचा, तेव्हा शाबासकीची आशा नव्हती.
एकवीस त्याचे, एकवीस माझे.
एकदा पाण्याच्या टाकीमागे मी सापडले,
बंदुकीत गोळी नाही, पाठीला भिंत.
तो थांबला. दोनदा खाली बसून उठला,
तालमीत मातीला हात लावतात तसा.
मग मारलं.

मग तो यायचा बंद झाला.
परीक्षा, दुखणं, लग्न, काय ते.
यंत्र कारण विचारत नाही.
चौदा दिवस वाट बघतं,
मग रोज थोडी थोडी खात्री काढून घेतं.
आपण गेलो की आपला आकडा नाही,
आपल्यावरचा भरवसा आधी उतरतो,
आणि भरवसा ढिला झाला की
जोड कुठेही शोधली जाते.

आषाढात परतला, तेव्हा ढाल पितळी.
समोर कोवळी पोरं.
दोन-दोन मिनिटांत उरकत होता.
मी बघत बसले. ढेकूळ उडवायला तिथे कुणी नव्हतं.

मला अजूनही बरोबरीचे मिळतात.
आकड्याने बरोबरीचे.

म्हणून हात लावलेला नाही.
आज तेरावा दिवस.
आईला म्हटलं, तर ती शब्दालाच दचकली,
'असलं बोलू नये,' म्हणाली,
आणि मेथीची जुडी पुढ्यात टाकली.
निवडतेय.
परवापासून तेही
माझ्याबद्दल साशंक होईल.