काळी चार

गाडी उभी राहिली की शिटी वाजायची.
काळी चार, किंचित चढी.
मी पेटी शिकवतो, त्यामुळे रेल्वे फाटकाशी थांबलो
की बोटं मांडीवर आपोआप तोच एक स्वर धरून बसायची.
ॲक्सिलरेटर दाबला की गायब,
सोडला की पुन्हा, तशीच, न दमता.

वेर्ण्याच्या शोरूममध्ये एसीत बसवून सांगितलं:
टर्बो गेला, सर. एक लाख चाळीस हजार, वर टॅक्स.
एका तारवटीकडून घेतलेली, तिसऱ्या हाताची गाडी.
तिची स्वतःची किंमत याच्या दुप्पटही नव्हती.

मग कुडचड्याला, इनासकडे.
अठरा वर्षं तो रिवणच्या बाजूला खाणीवर,
टिपर, ड्रिल, एक्स्कॅव्हेटर.
खाणी थांबल्या तेव्हा हत्यारांचा डबा घेऊन घरी आला.
लाल माती अजून त्याच्या पान्यांच्या दातांत आहे.

मी शिटीचं वर्णन करू लागलो.
गाऊनही दाखवली.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मग बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून,
तेलाच्या झाकणावर तळवा टेकला आणि डोळे मिटले.
"मास्तर, पळय."
झाकण फिरवलं तर उचलेना,
आतून कुणी ओढून धरल्यासारखं.
सुटलं तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज,
आणि शिटी बंद. इंजिन मात्र लंगडायला लागलं.
"टर्बोक कांय जाल्लें ना. हाची उस्वासाची वाट फाटल्या."

पिस्टनच्या कडेनं जे थोडं निसटतं, जळकं, तेलकट,
ते इंजिन बाहेर टाकत नाही, स्वतःच परत पितं.
मध्ये एक दार असतं.
गाडी उभी असताना बेतानं उघडायचं,
टर्बो फुंकू लागला की घट्ट मिटायचं,
नाहीतर सगळा दाब पोटात.
एवढंच काम. तळहाताएवढं काळं प्लास्टिक.

ते बेळगावहून आलं चार दिवसांनी,
अनमोड घाटातून, कदंबाच्या ड्रायव्हरच्या सीटमागे
कुणाच्या तरी भाजीच्या करंडीवर बसून.

म्हाबळूनं सहा स्क्रू काढले. पाचव्याला शिवी घातली.
पाइपाची क्लिप हातातच तुटली,
तशी दुसरी डब्यात सापडेपर्यंत चहा झाला.
जुना व्हॉल्व्ह इनासनं फोडून दाखवला:
आतला रबरी पडदा सुकलेल्या सोलासारखा,
कडेला चीर, माझ्या नखाएवढी.
एवढ्याशा चिरेतून आख्खी काळी चार!
पेटीच्या भात्याचं चामडं अस्संच जातं, मी म्हणालो.
तो पाठमोरा होता. काही बोलला नाही.

बसायची जागा त्यानं फडक्यानं पुसली,
मग बोटानं, मग पुन्हा फडक्यानं.
स्क्रू हातानं, समोरासमोरचे, थोडे थोडे.
म्हाबळूनं जोर लावला तसा त्याच्या मनगटावर चापट.
प्लास्टिक ते, खाण नव्हे.

चावी फिरवली.
नुसतं इंजिन.
इनासनं झाकण फिरवलं, ते अलगद सुटलं, पुन्हा लावलं.
मग माझ्याकडे वळला आणि जरा मोठ्यानेच विचारलं,
"गेली?"

मला वाटलं, थट्टा करतोय.
म्हाबळू खाली बसून पाने पुसत होता, वर न बघता म्हणाला,
"मामाला बारीक आवाज येत नाहीत. ड्रिलनं नेले."

"गेली," मी म्हणालो.
मग पुन्हा, ओठ नीट हलवून,
"गेली."
त्यानं मान डोलावली आणि साबण मागितला.

परतताना फाटक लागलेलं होतं.
बोटं मांडीवर गेली, तिथे काही नव्हतं.
मालगाडी संपता संपेना.
मागच्या सीटखाली कुठेतरी काहीतरी घुमत होतं, खर्जात,
नवीनच.
तेवढं कदाचित त्याला ऐकू येईल.
या वेळी मी आधी काही सांगणार नाही.