ळ

पेशी आणि पेशी यांच्यामधे मोकळं असं काही नसतं.
साखरेच्या साखळ्या असतात, पाणी धरून बसलेल्या.
काही पेशींभोवती त्या दाट होतात, त्यांचं जाळं होतं,
भोकाभोकांत सिनॅप्स रुतलेले,
चाळणीत अडकलेल्या कण्यांसारखे.

ते दिसावं म्हणून आम्ही स्लाइडवर घालतो
विस्टेरियाच्या बियांतलं प्रथिन.
शाल्मलीच्या शाळेच्या भिंतीवर तीच वेल आहे,
ब्रिस्टलच्या थंडीतून उठून मे महिन्यात जांभळी होते.
“विस्टेरिया,” मी म्हणते.
“नाही आई, व नाही. व.”
ओठांचा चंबू करून दाखवते.
मला दोन्ही एकच ऐकू येतात.

लहानपण सरतासरता हे जाळं विणून पुरं होतं.
सोळा नंबरच्या उंदराचं आम्ही एन्झाइमनं विरघळवलं.
नंतर त्याला घंटेची भीती बसवली, मग काढली,
ती परत आलीच नाही.
घंटा वाजत राहिली, तो मिशा पुसत बसला.
“एक थेंब तुलाही देऊ का?” ग्वेनलियन म्हणाली,
“चाळिशीत इंग्लिश सुधारेल.”
मी हसले. पण स्लाइडवर जिथे हिरवी कडी असायची
तिथे नुसता काळोख होता,
आणि मला वाटलं, याबरोबर काय काय गेलं असेल,
उंदराला विचारता येत नाही.

“आज काय पाहिलंस?” बसस्टॉपवर ती विचारते.
“जाळं.”
“जालं?”
“जीभ उलटी वळव. टाळूला लाव. ळ.”
“ल.”
“ळ.”
“ल.”
शहात्तर नंबरची बस येते, दार उघडतं,
आम्ही दोघी तोंडं वेडीवाकडी करत तशाच उभ्या.