टिकल्या

सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या शेडमध्ये
पोरं बसतात माझ्यासमोर, बीमच्या आडोशाला –
मरजान, जौहर, हलियाळहून आलेली फिलोमिना
आणि तिच्या कडेवरचा धाकटा,
ज्याला अजून कुठलाच इतिहास नको,
गूळ हवा.

माग गप्प असले की साखर पेठ ऐकू येते.
तेलुगूत भाव, कानडीत भांडण, मराठीत शिवी,
आणि मागल्या गल्लीत शेंगा कुटणारं कुणी.
‘ह्यातलं आपलं कुठलं, अब्बा?’
जौहर विचारतो.
त्याला वर्गात रोज नवीन नाव,
कधी वेस्ट इंडीजच्या बॉलरचं, कधी नुसतंच ‘ए निग्रो’.
मरजानच्या केसांत बोटं घालून बघतात पोरी,
‘खरे हायत का गं?’

सरांनी वंशवृक्ष काढून आणायला सांगितला.
तिनं खोड काढलं, चार पानं काढली,
मुळांपाशी पेन्सिल थांबली.
मग खोडरबर,
कागद झिजून पातळ होईपर्यंत.

मी जेकार्डची कार्डं पाडणारा माणूस.
पुस्तकातलं मला विचारू नका.
आजा सांगायचा तेवढं,
आणि नंतर इकडून तिकडून जमवलेलं.

सांगतो : समुद्रापल्याड हबश म्हणून मुलूख.
तिथून माणसं आणली, विकली,
बाजारात नावं बदलली.
याकूत म्हणजे माणिक. जौहर म्हणजे रत्न.
मरजान म्हणजे पोवळं. अंबर, संदल, रेहान –
दागिने नि अत्तरं,
मालकाच्या जिभेला बरी लागावीत अशी.

मरजान गप्प. मग म्हणाली,
‘म्हणजे चादरीवर लेबल असतं, तसं?’
तसंच, म्हणालो.
रात्री तिची आई माझ्याशी बोलली नाही.

पण सांगितलं की पुढचंही :
त्याच लेबलांची माणसं घोड्यावर बसली,
फौजा चालवल्या, नहरी खणल्या,
आपल्या भुईकोटाच्या तटाशी लढली.
‘आतून का बाहेरून?’
दोन्हीकडून, जौहर. ज्याचं मीठ, त्याच्याकडून.
तो हिरमुसला.
त्याला एकच बाजू हवी होती.

‘आणि लेबलाच्या आधीचं नाव?’

ठाऊक नाही.
हे दोन शब्द आजाही असेच बोलायचा,
खाली बघून,
चपलेचा अंगठा नीट करत.

उन्हाळ्यात एस्टीनं विजापूरला नेलं सगळ्यांना.
गोरखचिंच दाखवली.
पाच जणांनी हात धरले तरी कवेत येईना.
हिचं गाव कुठलं? आपल्याच तिकडचं, म्हणतात.
कोण घेऊन आलं? ठाऊक नाही.
(परत तेच.)
खाली रसवाला उभा होता, सावलीला,
झाडाला कुणी विचारत नव्हतं
परत कधी जाणार म्हणून.
फिलोमिना खोडाला कान लावून
कानडीत काहीतरी पुटपुटली. आम्हाला नाही सांगितलं.

आज मरजानच्या हातात कार्ड दिलं.
उजेडासमोर धर.
भोक असेल तिथं सुई आत शिरते,
हूक उचलतो, धागा वर येतो.
पुठ्ठा शाबूत असेल तिथं
धागा दबून राहतो खाली.
ती बराच वेळ एका डोळ्यानं बघत होती,
तोंडावर उजेडाचे ठिपके.

मग दप्तरातून तो कागद काढला,
माझा पंच उचलला,
आणि मुळांच्या जागी ठोकायला लागली.
अगं, शाळेचा आहे तो! मी ओरडलो.
एक, दोन, सात, कुठलाच हिशोब नाही,
ओळ वाकडी, खाली खाली जाणारी,
कागदाच्या कडेपर्यंत.

‘सर विचारतील, हे काय?’
‘सांगीन, खिडकीपाशी धरा.’

जौहरला पटलं नाही.
त्याला अजूनही घोडा काढायचाय.

जमिनीवर पडलेल्या गोल टिकल्या
फिलोमिनाच्या धाकट्यानं वेचल्या एकेक.
गूळ पुढं केला तरी
मूठ उघडायला तयार नाही.