टिकतंय किती, मामा?

नागमणी चिलवेरी दुकानात आली ती मोकळ्या हातानं,
रिमोट नाही, जळका बोर्ड नाही.
"भिशी लागली," म्हणाली. "बावीस हजार.
नवा घ्यायचाय. तुमी सांगा."

मी दुरुस्तीवाला नदाफ.
कन्ना चौकातल्या माझ्या आठ बाय दहात
टीव्ही येतो तो पालथा, पाठ उघडी टाकून,
आणि त्याच्या पोटात मला सापडतात
पालीची अंडी, लग्नपत्रिकेचा तुकडा,
आणि मालकानं घेताना न विचारलेले प्रश्न.

म्हणून म्हटलं, इंच शेवटी बघ.
आधी खोली मोज.
खाटेपासून भिंत सहा फूट,
त्रेचाळीसच्या वर गेलीस
तर बातम्या सांगणारी बाई मांडीवर येऊन बसेल.

चकाकीला भुलू नको.
दुकानात सगळेच टीव्ही
मांडवातल्या नवऱ्यासारखे.
त्याला म्हण, घरच्यासारखा लाव, उजेड उतरव.
मग कळेल
काळा काळा आहे का राखाडी.

उजेड जास्त तितकं आयुष्य कमी.
आतल्या पट्टीतले दिवे आधी जातात,
ती पट्टी मी बदलून देतो, हजार-दीड हजारात.
पॅनल गेलं तर मात्र मला हाक मारू नको.
पॅनलची किंमत म्हणजे टीव्हीचीच किंमत,
फक्त खोक्याशिवाय.

वॉरंटी एक वर्षाची का तीन,
पॅनलची वेगळी लिहिलीय का,
दुरुस्तीचा माणूस सोलापुरातच राहतो
का पुण्याहून आठवडाभर "निघालोय" म्हणतो,
हे बिलावर घे. बोलण्यावर नको.

आणि स्टॅबिलायझर.
एप्रिलात सगळं गाव एकदम कूलर लावतं,
आपल्याकडं व्होल्टेज नळाच्या पाण्यासारखं:
नाही तर नाही,
आलं की तोटी उडवून.

ती ऐकत होती. मग म्हणाली,
"टिकतंय किती, मामा?"

टीव्हीचं वय तासांत मोजतात, म्हटलं.
तीस हजार धर. नशीब असलं तर वर.
घरी रोज किती वेळ चालतो?

"सकाळी सहापासनं. ह्यांना डोळा लागला तरी चालूच."

नरसय्या. एकतीस वर्षं यंत्रमागावर.
घरी परत आला, कान तिथंच राहिले.
आता आवाज शून्यावर ठेवून
दिवसभर हलणारे ओठ बघतो.

मग मोठ्या स्पीकरचे अडीच हजार देऊ नको, म्हटलं,
आणि पावतीच्या पाठीवर भागाकार केला.
रोज सोळा तास.
पाच वर्षं आणि थोडे दिवस.

ती आकड्याकडं बघत राहिली.
बोटांच्या पेरांवर स्वतःचं काहीतरी मोजलं.
"बस," म्हणाली. "ह्यांना पुरतंय."

मी पेनाला टोपण लावलं.
शटर अर्धं ओढून तिच्यासोबत नवी पेठेत गेलो.

पोरानं टीव्ही लावला. फुलं, पोपट, समुद्र.
नागमणीनं एकाकडंही बघितलं नाही.
पडदा पांढरा करायला लावला,
जवळ गेली, तळवा काचेला न टेकवता
वरून खाली नेला, डावीकडून उजवीकडं,
आणि थांबली.
"इथं उभा धागा तुटलाय."

पोरगा हसला. मी चष्मा लावला.
डाव्या कोपऱ्यात, केसाहून बारीक,
वरपासून खालपर्यंत एक रेघ.

तीस वर्षं सेट उघडतोय मी,
मला दिसली नव्हती.
ही टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला,
दिवसाला नऊशे नग हाताखालून जातात.

दुसरा खोका फोडला. मग तिसरा.
तिसऱ्यावर तिनं मान हलवली.

रिक्षा आली तेव्हा आठवलं,
एक सांगायचं राहिलंच:
आडवा न्यायचा नाही, पॅनल तडकतं.

पण ती आधीच आत चढून
दोन्ही हातांनी त्याला उभं करत होती,
मागं चादरीची घडी लावून,
आजारी माणसाला
जेवायला बसवतात तसं.