हातच्याची वजाबाकी

सॉल्टर्स टिकलच्या एकखोली शाळेत
मिस टिझर्ड खडूनं घरं आखायची.
एककाच्या घरात तीन, वजा करायचे सात.
"तिनातून सात जात नाहीत. मग?"
मग शेजारच्या घरी जायचं,
एक दशक मागून आणायचा.
"परत कधी द्यायचा?" माझ्या बहिणीनं, डॉर्कसनं विचारलं होतं.
वर्ग हसला. मिस टिझर्ड नाही हसली.

एकोणतीस वर्षं मी ओटावात तेच केलं.
चौथा मजला, दहा प्रांतांचे दहा रकाने,
कुणाची ऐपत किती, सरासरी किती,
सरासरीला जो पुरत नाही त्याला वरून भर.
गरज मोजायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं.
बर्फ मोजायचं नाही, बोटीचं अंतर नाही,
दवाखाना गाठेपर्यंत
एखादं मूल धक्क्यावरच जन्मलं, तेही नाही.

समोरच्या टेबलावर ओरेस्ट हनातिव, अल्बर्टाचा.
तेल चढलं की डबा उघडता उघडता म्हणायचा,
"तुझ्या गावचा दिवा आमच्या पैशावर जळतो."
कुणी कुणाला देत नाही, मी म्हणायचो, हौद एकच आहे.
एकदा तळघरातून जुनी फाईल आणली,
सत्तावन्न सालची. घेणाऱ्यांच्या यादीत
त्याचा प्रांत. शाई विटलेली, आकडा जागेवर.
त्यानं बराच वेळ बोट तिथंच ठेवलं.
"त्याच सुमाराला गावात डांबर पडलं," म्हणाला,
"आम्हाला वाटायचं, आजोबांनी भांडून आणलं."

पुढे आमच्या समुद्राखालचं तेल वर आलं
आणि एका नोव्हेंबरात आमच्या रकान्यासमोर
पहिल्यांदा काहीच लिहावं लागलं नाही.
डॉर्कसनं त्या दिवशी मनुका घालून पुडिंग शिजवलं.
"आता कुणी बोलून दाखवणार नाही," फोनवर म्हणाली.

सहा-सात वर्षांत तेल कोसळलं.
तिचा एलाम फोर्ट मॅकमरेहून परतला, ट्रक विकून.
नर्स आठवड्यातून दोनदा,
बोट एक दिवसाआड.
माझ्या कोष्टकात मात्र तेल अजून महागच होतं:
तीन वर्षांची सरासरी, तीही दोन वर्षं मागची.
मीच तपासलं.
मीच सही केली.
शून्य.

"ताळा जमतो का रे?" तिनं विचारलं.
जमतो, म्हटलं.
"मग झालं तर."
पलीकडे सुरी दगडावर घासल्याचा आवाज.
एलामनं मूस मारला होता, ओट्यावर वाटे पडत होते,
बाजूच्या घराला, धक्क्यावरच्या दोघा भावांना,
पाद्रीबुवांना.
फोन हातात तसाच धरून डॉर्कस ओरडली,
"अरे, तो नको! हल्डा पार्डीला मऊ दे,
तिला दात कुठायत?"