मागील वर्षीप्रमाणे

मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं आठवड्यात नोटीस वाचून संपवतात.
हातात बादली, काखेत गठ्ठा,
मे महिन्यातलं हे माझं काम:
धोकादायक इमारतींना
त्या धोकादायक असल्याचं कळवणं.

यंदा यादीत बेचाळीस.
गोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांवर
उन्हाच्या आत होतील तेवढ्या.
"आलं का आमंत्रण?" म्हणतो कापड लाइनीतला एक,
आणि चहा सांगतो.

क्रमांक एकोणीस, भुसार लाइन.
मालक: कै. मन्मथप्पा हालकुडे व इतर.
इतर म्हणजे अकरा जण,
दोन सोलापूरला, एक बिदरला, एकाचा पत्ताच लागत नाही.
एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत
पण एका कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत, त्या हरवलेल्याचीसुद्धा:
दुरुस्तीस परवानगी नाही.
पडली की भाडेकरू जाईल.
मोकळ्या जागेचं मग बोलता येईल.

तोवर त्र्याण्णवच्या भूकंपाची भेग
सज्जापासून उतरतेय, घाई न करता.
मी नोकरीला लागलो तेव्हा पाटीच्या वर होती.
आता कुलपाच्या उंचीला.

भाडेकरू एकच उरलाय. शेख मौलाली, तराजूवाला.
भाडं साठ रुपये. मालक घेत नाहीत
म्हणून कोर्टात भरतो.
गंजात सगळीकडं आता लाल आकड्यांचे काटे,
तरी निलंग्याकडचा एखादा म्हातारा किराणावाला
पितळी पारडं फडक्यात बांधून आणतो,
म्हणतो, एका बाजूला कलतंय बघ.

मी जागा शोधत होतो.
मागच्या सहा वर्षांच्या नोटिसा
एकावर एक, पापडासारख्या फुगलेल्या.
हात भिंतीला लागला
तर भिंत ओली.

लातुरात. मे महिन्यात. सकाळी अकराला.
नळ येऊन आठवा दिवस,
तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा लोक झाकून ठेवतात,
आणि इथं कुणीतरी
भिंतीला पाणी पाजलंय.

गोणपाट बाजूला केलं.
कुलपापासून हातभर वर, भेग भरलेली.
गवंड्याचं काम नव्हतं ते.
गवंडी कडा अशी घासत नाही
जशी पारड्याची घासतात.

मौलाली आत, चष्मा कपाळावर.
"कधीपास्नं?" म्हणलं.
तो वजनं मांडत राहिला. पाच किलो, दोन, एक, पाचशे.
"रात को," म्हणाला. "दिवसा थापी वाजली तर केस होते, व्यंकटभाऊ."
"आन पाणी?"
ते नाही सांगितलं त्यानं.
कोपऱ्यात घागर पालथी होती.

चोरून केलेलं या गावात मी खूप पाहिलंय:
मजले, जिने, नळजोड,
गटारावर काढलेले ओटे.
चोरून केलेली डागडुजी
पहिल्यांदाच.

नियमानं कळवायला पाहिजे होतं.
विनापरवाना काम. रकाना आहे त्याला, आठ नंबरचा.

ब्रश बुडवला.
नोटीस धरली बरोबर त्या नव्या सिमेंटवर.
ओल्याला खळ धरत नाही,
म्हणून वरची कड तेवढी जुन्या नोटिशींवर चिकटवली,
खालचा कागद सोडला मोकळा, पडद्यासारखा.
"उचलून पाणी मार," म्हणलं, "अजून आठवडाभर तरी.
आन सज्जापाशी शिडी लागंल तुला.
शिडी आहे माझ्याकडं. पालिकेची."
त्यानं मान हलवली नाही.
पाचशेचं वजन उचललं, पुसलं, परत ठेवलं.

रकान्यात लिहिलं,
इमारतीची स्थिती: मागील वर्षीप्रमाणे.

क्रमांक वीस समोरच.
दाराला तीन कुलपं, तीन भावांची.
भिंत कोरडी ठाक.
कागद टेकवला,
लगेच चिकटला.