रकाना नववा

नवव्या रकान्यात तीनच ओळी सोडल्यात, चेऊलकर बाई,
आणि वर छापलंय: चालीरीती, थोडक्यात.
बरं. लिहून घ्या.

वस्ती पारसिकच्या डोंगरात, बेलापूरच्या अंगाला,
बंद पडलेल्या खाणीतून आत, उजव्या हाताला.
कूळ व्याळ.
लोक ड्रॅगन म्हणतात. आमची हरकत नाही,
हाक मारणाऱ्याची जीभ त्याची.

देवक काळा पत्थर.
लग्नात नवरानवरी खडीचा एकच तुकडा
दोन्हीकडून फुंकून लाल करतात.
कुणाची आग किती, हे विचारायचं नसतं.
एकाची कमी पडली तर दुसऱ्यानं गुपचूप वाढवायची.
माझ्या लग्नात सगळी तिचीच होती.
हे लिहू नका.

पाचवीला सटवाई आमच्याकडेही येते.
पाटीऐवजी अंड्याचं टरफल ठेवतो,
शाई म्हणून काजळी.
धाकट्याच्या टरफलावर सकाळी
नुसतं एक टिंब होतं.
एकशे चार वर्षांचा झाला, अजून आग नाही.
तोंड उघडतो आणि वाफ येते,
इडलीच्या भांड्यासारखी.
धगी आत्या म्हणते, टिंबानं काही ठरत नाही,
सटवाईचं बोट भाजलं असेल.

मयताला जाळत नाही. आम्हाला जाळून काय होणार?
भरतीच्या वेळी खाडीकाठी नेतो,
जुन्या मिठागराच्या बांधावर,
आणि शेवटचा श्वास मिठात पुरतो.
रोहित पक्षी त्यानंच गुलाबी होतात
असं आमच्यात मानतात.
दुर्बिणी घेऊन येणारे सांगतात, शेवाळ खाऊन होतात.
असेल.
शेवाळानं तो रंग कुठून आणला, ते कुणी सांगत नाही.

हो, आणि तुर्भ्याकडच्या त्या धुराड्यावर
रात्री ज्योत दिसते ना, तिला आम्ही हात जोडत नाही.
थोरले काका एकदा अगदी जवळ जाऊन
तिला नावानं हाक मारून आले.
तीन दिवस जेवले नाहीत.
म्हणाले, आत कुणी राहत नाही.

खाण चालू होती तेव्हा दुपारी दोनला सुरुंग लागायचे.
पोरं घाबरायची. आम्ही सांगितलं,
डोंगर शिंकतोय, शतंजीव म्हणा.
म्हणायची.
आता बारा वर्षं झाली, डोंगर शिंकत नाही,
पण दोन वाजले की धाकटा
भिंतीला गाल लावून हळूच म्हणतो,
शतंजीव.
ही चाल धरायची की रीत, तुम्ही ठरवा.

उलव्याच्या डोंगरात आमचे सोयरे होते.
डोंगर सपाट झाला. ते कुठे गेले,
हे तुमच्या अर्जात कुठे बसतं मला दिसलं नाही,
मी दोनदा पाहिलं.
तिथे आता विमानं उतरतात.
धाकटा त्यांना मामा म्हणतो.
आम्ही दुरुस्त करत नाही.

आता शेवटचं, पण हे नीट लिहा.
मागितल्याशिवाय आग द्यायची नाही.
भिऊन मागितली तर नाही,
हुकूम म्हणून मागितली तर मुळीच नाही.
हा नियम मोडला म्हणून आमची एक अख्खी शाखा
बोलण्यातून उठली. त्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत.

तुमचा चहा कधीचा गार झालाय.
थर्मासच्या झाकणात साय धरली.
मी मघापासून बघतोय,
आणि तुम्ही मागत नाही.
माझं तोंड बांधलेलं.

थांबा, हलू नका.
तो तुमच्या गुडघ्यापाशी येऊन बसलाय.
चावत नाही.
आगच नाही, तर त्याला नियम कसला लागणार?
झाकणावर वाकलाय, फुंकतोय,
चष्म्यावर धुकं आलं ना? पुसा.

घ्या, बाई.
उकळता नाही,
पण कोमट असेल.